पाटीच्या आधी आंघोळ: ठाण्यातल्या वंचित मुलांच्या शाळेची आणि पोषणाची पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर ठाणे जिल्हा थेट डहाणू-जव्हारपर्यंत होता, त्यामुळे इथल्या वंचित मुलांच्या प्रश्नाचा माग काढायचा तर सुरुवात तिकडूनच करावी लागते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली. आधी आंघोळ, नखे, केस; गाणी आणि मोजणी त्यानंतर. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले. तिथली मुले गुरांमागे असत, म्हणून कुरणशाळा निघाली. मोठ्या बहिणी कडेवरच्या भावंडांमुळे घरी अडकत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून विकासवाडी उभी राहिली. पोर शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्याच्या घरच्या कामात शोधायचे, ही त्यामागची दृष्टी मला आजही सगळ्यात मोलाची वाटते.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हळूहळू देशभर पोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एका छताखाली आले खरे, पण सहा वर्षांपुढचे मूल पुन्हा खात्यांत वाटले गेले: जिल्हा परिषदेची शाळा एकीकडे, आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा दुसरीकडे, आरोग्य उपकेंद्र तिसरीकडे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा सरकार हलले. गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळ चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना मात्र २०१५ मध्ये आली.

शहरातही वंचित मुले होतीच. नवी मुंबईत तुर्भे-दिघ्याच्या दगडखाणींवर मजुरांची मुले वाढली. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली, तीही मुले राहत होती तिथेच.

सगळ्यात अवघड गाठ वीटभट्टीची. शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतात आणि दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या; भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची तात्पुरती झोपडी. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, पुढे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आले. कार्ड दाखवले की भट्टीजवळच्या शाळेत बसता येते. पण भट्टी असते गावाबाहेर माळावर, आईबाप पहाटेपासून विटा पाडण्यात, आणि धाकट्याला सांभाळायला तीच आठ-नऊ वर्षांची बहीण.