लास्ट मॅच, मग झोपू

सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये रात्री अकरानंतर वेगळीच पाळी सुरू होते. एमपीएससीची तयारी करणारी पोरं अभ्यासिकेतून येतात, हेडफोन लावून, मोबाइलवर पबजीसारखा लढाईचा गेम उघडून आडवी होतात आणि दबक्या आवाजात ओरडतात, "नॉक झालोय, रिव्हाइव्ह दे ना!" म्हणजे गेममध्ये घायाळ पडलोय, उठव. मग ठरलेलं वाक्य: "लास्ट मॅच, मग झोपू." ही लास्ट मॅच तीनदा तरी होते.

हा सगळा डोपामिनचा, म्हणजे बक्षिसाची ओढ लावणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचा खेळ, असं हल्ली कुणीही सांगतं. ते खोटं नाही. १९९८ साली लंडनमध्ये आठ जणांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूतल्या रसायनांची हालचाल दाखवणारी तपासणी) काढले, तेव्हा डोपामिन स्रवताना दिसलं होतं. पण ते आवडीचं खातानाही स्रवतं. खरी मेख आहे अनिश्चिततेत. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फराम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात, रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना डोपामिनच्या पेशी वाट पाहण्याच्या काळात सर्वाधिक सक्रिय राहिल्या. रस मिळणार हे पक्कं असलं की ही चुळबुळ दिसत नव्हती. गेममधल्या शंभर जणांच्या लढाईतही कधी जिंकू याचा नेम नसतो, आणि दुसऱ्या नंबरावर हरलेला तर हमखास पुन्हा उतरतो.

तरी मला मेंदूपेक्षा त्या खोलीचं अर्थकारण जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्व, मुख्य, मुलाखत, मग निकालाची वाट. वर्ष-दोन वर्षांच्या मेहनतीची पावती कधी मिळेल, सांगता येत नाही. गेम मात्र अर्ध्या तासात हिशेब चुकता करतो: इतके किल, इतके पॉइंट, रँक वर. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ माणसाच्या तीन गरजा सांगतात: स्वतः निर्णय घेणं, काहीतरी जमणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. गावाकडून पैसे मागवणाऱ्या पंचविशीतल्या मुलाच्या या तिन्ही गरजा एकाच स्क्रीनवर भागतात. त्यात चौघांचं स्क्वॉड. मधेच उठलं तर बाकी तिघं मरतात. शिव्या बसतात त्या वेगळ्याच.

म्हणून नुसते तास मोजून व्यसन ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. खेळण्यावर ताबा न उरणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं ही लक्षणं साधारण बारा महिने दिसावी लागतात. परीक्षा संपल्यावर आठवडाभर रात्री जागवणारा यात बसत नाही. बाकीचे मॅच संपवून झोपले तरी एकटाच अनोळखी लोकांबरोबर पहाटेपर्यंत खेळणारा, क्लास बुडवणारा, त्याची चौकशी करायला हवी. त्याची उदासी गेममुळे आली की उदासीमुळे गेम आला, हे बऱ्याचदा समुपदेशनातच उलगडतं.

फोन काढून घेणं हा घरच्यांचा पहिला उपाय. पण नुसतं काढून घेऊन भागत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा कितीतरी स्क्वॉड त्याच चार जणांसह दुसऱ्या गेमवर गेले.