वेबसाइटचा देखणेपणा आणि उपयोग : ओढाताणीमागची पार्श्वभूमी

वेबसाइट करून घेणारा ग्राहक आधी तिचे रूप पाहतो, तर तिच्यावर येणारा वाचक आधी आपले काम शोधतो. ही ओढाताण वेबच्या जन्माइतकीच जुनी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब उभारले ते शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज वाचता यावी म्हणून. १९९१ मधील पहिल्या वेबसाइटवर केवळ मजकूर आणि दुवे होते. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझरमुळे मजकुरासोबत चित्रे सर्रास दिसू लागली आणि व्यवसायांना वेबवर आपले माहितीपत्रक मांडावेसे वाटू लागले.

छपाईत मुरलेले कलाकार या कामाकडे वळले, तेव्हा पानाची मांडणी करण्याची साधनेच नव्हती. आकडेवारीसाठी असलेली कोष्टके त्यांनी मांडणीसाठी वापरली. मोकळी जागा सोडायची तर एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र हवे तेवढे ताणून बसवले जाई. पान नेटके दिसे, मात्र कोष्टकाच्या पोटात कोष्टक अशा रचनेमुळे टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ डायल-अप जोडणीवर ते उमटायला वेळ लागे आणि दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातून सलग मजकूर वाचणे अवघड जाई. रूप आणि मजकूर वेगळे ठेवणारी सीएसएस ही पद्धत होकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि १९९६ मध्ये ती प्रमाण ठरली, तरी सगळे ब्राउझर ती नीट पाळू लागेपर्यंत बरीच वर्षे गेली.

त्या मधल्या काळात फ्लॅश या वेबवर हलती चित्रे आणि आवाज दाखवणाऱ्या तंत्राने ग्राहकांना भुरळ घातली. फिरणारे बोधचिन्ह, संगीत आणि कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’ असा बारीक दुवा. फोन नंबर शोधायला आलेल्या माणसाला आधी ही आरास ओलांडावी लागे.

मराठीपुढची अडचण आणखी वेगळी होती, आणि आपल्यासाठी मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात देवनागरीला १९९१ पासून स्थान असले, तरी विंडोजमध्ये तिला आधार मिळाला तो विंडोज २००० आणि मंगल फॉन्टपासून. तोवर अनेक मराठी वेबसाइट आपापला फॉन्ट वापरत. तो संगणकावर नसेल तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. सुबक अक्षरांच्या हौसेने शीर्षके चित्ररूपात टाकली जात, ती शोधात सापडत नसत. पानासोबतच वाचकाकडे पोहोचणारे वेबफॉन्ट रुळल्यावर आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ यासारखे देखणे देवनागरी फॉन्ट मोफत मिळू लागल्यावर ही अडचण खऱ्या अर्थाने सुटली.

२००७ मध्ये आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हते. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारी मांडणी सुचवली. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी किमान ४.५:१ असावे, हा सुगम्यतेचा, म्हणजे अपंगांसह सर्वांना वेबसाइट वापरता येण्याचा, निकष तर २००८ मध्येच ठरला होता. तरीही ग्राहकासमोर मंजुरीसाठी बहुधा छपाईच्या काळासारखे स्थिर चित्रच ठेवले जाते. त्यात प्रत्येक शीर्षक एका ओळीत मावते, प्रत्येक छायाचित्र उत्तम असते आणि नेटवर्क कधीच मंद नसते.