मेंदूच्या भागांचे नामकरण

मेंदूच्या निरनिराळ्या भागांना नावे देण्याची व ती प्रमाण ठरवण्याची शरीररचनाशास्त्रातील पद्धत. यांतली बहुतेक जुनी नावे त्या भागाचे काम कळण्याच्या कितीतरी आधी, मेंदू कापणाऱ्याला जे दिसले त्यावरून पडली.

बोलोन्याच्या जूलिओ चेझारे आरांत्सीने १५८७ मध्ये, कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूच्या पोकळीच्या तळाशी असलेल्या वळणदार उंचवट्याचे वर्णन केले. हा घोडामासा म्हणावा की रेशमाचा किडा, हे त्याचे त्यालाच ठरेना. घोडामासा टिकला, तोच ‘हिप्पोकॅम्पस’. अठराव्या शतकात इतरांना तिथे मेंढ्याचे शिंग दिसले आणि मेंढ्याची शिंगे असलेल्या आमोन या इजिप्शियन देवावरून ‘आमोनचे शिंग’ हे नाव आले. आजही या भागाच्या उपविभागांना सीए१, सीए२, सीए३ म्हणतात, ती त्या शिंगाच्या लॅटिन नावाची आद्याक्षरे. म्हणजे घोडामाशाच्या पोटात मेंढ्याचे शिंग! शेजारचा ‘अमिग्डाला’ म्हणजे बदाम.

रंगावरूनही नावे पडली. मध्यमेंदू आडवा कापला की दोन काळपट पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’, काळे द्रव्य. पार्किन्सनच्या रुग्णात हेच पट्टे फिके पडलेले असतात.

मेंदूवरच्या आवरणांच्या नावांत आई आहे. दोन वस्तूंचे नाते सांगायला अरबीत आई, बाप, मुलगा असे शब्द वापरत. त्यानुसार जाड आवरण ‘कठीण आई’ आणि आतले ‘पातळ आई’. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर होताना पातळ आईची ‘पिया’, म्हणजे मायाळू किंवा श्रद्धाळू, आई झाली. चूक खरी, पण गोड.

सर्वांत प्रामाणिक नाव ‘झोना इन्सर्टा’, म्हणजे अनिश्चित प्रदेश. ज्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही असा भाग, असे ऑगस्ट फोरेलने १८७७ मध्ये त्याचे वर्णन केले होते.

कामावरून दिलेली नावे मात्र अंगाशी येतात. हिप्पोकॅम्पसची गणना पूर्वी ‘गंध-मेंदू’त होत असे. १९५३ मध्ये एच. एम. या रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढल्यावर त्याला नव्या आठवणी साठवता येईनात, आणि या भागाचा संबंध स्मृतीशी असल्याचे पुढे आले. गंध-मेंदू मागे पडला, घोडामासा राहिला.

कोर्बिनियान ब्रॉडमनने १९०९ मध्ये नावांना फाटाच दिला. पेशींच्या रचनेतील फरक पाहून त्याने मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, तुकडे पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. क्रमांक ५२ पर्यंत जातात, पण मानवी मेंदूच्या नकाशात १३ ते १६ नाहीत. प्राण्यांच्या मेंदूंशी तुलना करताना ते आले होते. तरी ‘क्षेत्र १७’ म्हटले की दृष्टीचे प्राथमिक क्षेत्र, हे जगभरच्या तज्ज्ञांना कळते.

एकाच अवयवाला दहा नावे असल्याने १८९५ मध्ये बाझेल येथे संपूर्ण शरीराची सुमारे ५०,००० नावे छाटून ५,००० च्या आसपास आणली गेली. व्यक्तींची नावेही वगळण्याचा प्रयत्न झाला, पण बोलण्याशी संबंधित भागाला ‘ब्रोकाचे क्षेत्र’ असे आजही सर्रास म्हटले जाते. २०१६ च्या एका नकाशात प्रत्येक गोलार्धाच्या बाह्यकात १८० क्षेत्रे दाखवली आहेत, त्यांतली ९७ नवी. त्यांची नावे अक्षर-अंकांची आहेत. घोडामाशाची मौज त्यांत नाही.

मराठी पाठ्यपुस्तकांत प्रमस्तिष्क (मोठा मेंदू), अनुमस्तिष्क (सेरेबेलम) असे संस्कृत शब्द आहेत. अनुमस्तिष्काऐवजी निमस्तिष्क असेही लिहितात. खरे तर ‘सेरेबेलम’चा लॅटिन अर्थच लहान मेंदू. दवाखान्यात रिपोर्टवर ‘सेरेबेलम’ छापलेले असते आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, “लहान मेंदूत गाठ आहे.”