किमजांग
किमजांग : कोरियात शरद ऋतूच्या अखेरीस, जमीन गोठण्यापूर्वी, मळ्यातला मुळा व चिनी कोबी काढून हिवाळाभर पुरेल एवढी किमची (मीठ-मसाला लावून आंबवलेली भाजी) घालण्याची प्रथा. आपल्याकडील वाळवणासारखेच हे बेगमीचे काम. मात्र ते उन्हाच्या नव्हे, थंडीच्या तोंडावर करायचे.

पारंपरिक पंचांगात ‘इप्तोंग’ (सु. ७ नोव्हेंबर) या हिवाळ्याच्या आरंभदिनाच्या आसपास ही लगबग सुरू होते. हवामानशास्त्रीय आडाखा असा : किमान तापमान ०° से. वा त्याखाली आणि दैनिक सरासरी ४° से. वा त्याखाली स्थिरावली की योग्य वेळ आली. त्याआधी घातलेली किमची लवकर आंबते. फार थांबल्यास भाजीच गोठते. त्यामुळे सोलच्या परिसरात हंगाम लवकर येतो, दक्षिण किनाऱ्याकडे उशिरा. काढणीत पहिला मान मुळ्याचा, कारण त्याचा माथा जमिनीबाहेर उघडा असतो व तो गोठणे सोसत नाही. कोबी हलके हिमतुषार सोसतो. मुळ्याचा पालाही वाळवून ठेवतात. त्याला ‘सिरेगी’ म्हणतात.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. ‘चिमजांग’ (बुडवून साठवणे) या चिनी-कोरियन जोडशब्दापासून तो आला, हे मत अधिक प्रचलित आहे. ‘जिनजांग’ (मुरवून साठवणे) हे मूळ मानणारेही आहेत. कोरियातील चोसन राजवटीच्या (१३९२–१९१०) आरंभीच्या नोंदींत ‘चिमजांगगो’ या सरकारी कोठाराचा उल्लेख येतो, त्यामुळे पहिल्या मताचे पारडे जड वाटते. खुद्द ‘किमची’चे ‘दिमछे’ हे जुने रूप १५२७ च्या एका अक्षरकोशात आढळते.

प्रथेचा काळ निश्चित करणे अवघड आहे. कवी यी ग्यू-बो (११६८–१२४१) याने घरच्या परसबागेतील सहा भाज्यांवर रचना केली असून, तीत मुळा मिठात घालून हिवाळ्यासाठी राखण्याचा उल्लेख आहे. मात्र त्यावरून आजचे सामूहिक किमजांग तेराव्या शतकात होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मिरचीबद्दलही वाद आहे. ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १६१४ च्या एका ग्रंथातही ती जपानहून आल्याचे म्हटले आहे. ती आधीपासून देशी होती, हा पक्ष दुबळा वाटतो : मिरची मुळात अमेरिका खंडाची, आणि भारतातही ती पोर्तुगीजांबरोबरच आली. गच्च गड्ड्याच्या कोबीचा प्रसार तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा. त्याआधी मुळाच प्रमुख होता.

एकोणिसाव्या शतकातील एका शेतीविषयक गीतात दहाव्या चांद्रमासाची कामे सांगितली आहेत : मुळा-कोबी काढणे, ओढ्यावर धुणे, मिठाचे प्रमाण बेताने राखणे, रांजण गवतात गुंडाळून खोल पुरणे. पुरलेल्या रांजणात तापमान फारसे खालीवर होत नाही. १८४९ च्या एका ऋतुवर्णनपर ग्रंथात उन्हाळ्यातील सोयाचटणी व हिवाळ्यातील किमजांग ही घरोघरची वर्षातील दोन मोठी कामे म्हटली आहेत. शेजारणी एकमेकींकडे आळीपाळीने राबतात. या ‘पुमासी’ला मराठीत ‘सावड’ हाच जवळचा शब्द.

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत दक्षिण कोरियाचे किमजांग २०१३ मध्ये आणि उत्तर कोरियाची किमची-परंपरा २०१५ मध्ये दाखल झाली. शहरांतील सदनिकांत रांजण पुरायला अंगणच उरले नाही, तेव्हा किमचीसाठी वेगळी शीतकपाटे आली. १९९५ मध्ये बाजारात आलेल्या अशाच एका शीतकपाटाचे नाव ‘दिमछे’ असे आहे.