‘गु’ म्हणजे अंधार, ‘रु’ म्हणजे प्रकाश?

गुरुपौर्णिमा आली की हा मेसेज हमखास येतो: ‘गु म्हणजे अंधार, रु म्हणजे प्रकाश, म्हणून वाट दाखवणारा तो गुरू.’

ही फोड कुणी आज रचलेली नाही. गुरुगीतेत ती आहे, अद्वयतारक उपनिषदातही आहे. उपनिषदात ‘रु’ म्हणजे अंधाराला रोखणारा. चिंतनासाठी ती सुंदरच आहे. मात्र शब्द असा जन्मला नाही. संस्कृतात ‘रु’ धातूचा अर्थ आवाज करणे, त्यावरूनच ‘रव’ आला.

‘गुरू’चा मूळ अर्थ जड, वजनदार. ऋग्वेदात ‘गुरुं भारम्’ येतं, म्हणजे जड ओझं. ज्याच्या शब्दाला वजन, तो आदरणीय, आणि पुढे शिकवणारा.

पडताळायला पोथी नको, रोजची मराठी पुरते. गुरुत्वाकर्षणातला गुरू कुणाला शिकवत नाही. शाळेत वृत्त सोडवताना ‘यमाचा’ हा शब्द लघु-गुरू-गुरू असा मांडतो. तिथे गुरू म्हणजे दोन मात्रांचं जड अक्षर. पचायला जड अन्न ते ‘गरिष्ठ’, आणि गरिष्ठ हे ‘गुरू’चंच ‘सर्वांत जड’ असं रूप, जसं लघूचं लघिष्ठ. गौरव आणि गरिमा याच घरातले. शंका उरली तर आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडून ‘गुरु’खाली पहिला अर्थ वाचावा.