सोळा मिलिसेकंदांचं बजेट

सेकंडहँड पीसीच्या जाहिरातींत एक ओळ हमखास असते: 'आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंगसाठी उत्तम.' यातला 'उत्तम' सोडून बाकी सगळं खरं असू शकतं. आय-सेव्हन म्हणजे बरेचदा २०११ सालचा आय-७ २६०० निघतो, एखाद्या ऑफिसातून निवृत्त झालेला. आणि २ जीबीचं कार्ड म्हणजे जीटी ७१०, ज्याच्याकडून मॉनिटरवर चित्र उमटवण्यापलीकडे फारशी अपेक्षा धरू नये.

त्या २६०० ला चार कोअर (म्हणजे आकडेमोड करणारे चार स्वतंत्र भाग) आणि आठ थ्रेड (म्हणजे एका वेळी हाती घेता येणारी आठ कामं) आहेत, वेग ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो. २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१००एफलाही चारच कोअर, आठच थ्रेड आणि वेग ४.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत. कागदावर फरक तेरा टक्क्यांचा. गेममध्ये मात्र नवा आय-३ त्या जुन्या आय-७ ला कुठच्या कुठे मागे टाकतो, कारण घड्याळाच्या एका ठोक्यात तो कितीतरी जास्त सूचना उरकतो. नावातला सात हा त्या वर्षीच्या मालातली पायरी सांगतो, एवढंच. ग्राफिक्स कार्डाच्या जीबीचंही तसंच. डीडीआर-३ मेमरी लावलेल्या जीटी ७१० ला आपल्या मेमरीतून सेकंदाला १४.४ जीबी डेटा उचलता येतो, आरएक्स ६६०० या अलीकडच्या कार्डाला २२४ जीबी. खोक्यावर छापतात ते मेमरी किती हे. ती किती वेगाने वाचता येते, ते शोधावं लागतं.

मग मोजायचं काय? वेळ. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एक फ्रेम तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील, तर जेमतेम ६.९. बजेट पीसी म्हणतात तेव्हा सगळे रुपयांचं बोलतात, पण खरं बजेट हे आहे आणि हातातले रुपये या मिलिसेकंदांवर खर्च करायचे आहेत.

फ्रेम बनते दोन टप्प्यांत. तुम्ही माउस कुठे नेला, गोळी कोणाला लागली, पलीकडचा शत्रू आता काय करणार, कोणती भिंत दिसतेय आणि कोणती झाकली गेलीय, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि काय काय काढायचं याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हाती देतो. कार्ड त्या यादीबरहुकूम त्रिकोण मांडतं, उजेड-सावल्यांचा हिशेब करतं आणि प्रत्येक पिक्सेल रंगवतं. ते रंगवत असताना प्रोसेसर स्वस्थ बसत नाही, पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागतो. स्वयंपाकघरात एकजण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय, तसं. लाटायला तीस सेकंद आणि भाजायला पन्नास लागत असतील, तर दर पन्नास सेकंदांनी एक पोळी उतरणार. लाटणारा कितीही चपळ आणला तरी पोळपाटावर थप्पी वाढेल, ताटात पोळी लवकर पडणार नाही.

यालाच गेमर मंडळी बॉटलनेक म्हणतात आणि त्याची उगीच धास्ती घेतात. दोघांपैकी कोणीतरी सावकाश असणारच, त्याला इलाज नाही. प्रश्न इतकाच की तो सावकाश असलेला तुमच्या गरजेपुरता वेगवान आहे का. इंटरनेटवर प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की 'बॉटलनेक १७ टक्के' असं सांगणारे कॅल्क्युलेटर आहेत. ते मी चक्क दुर्लक्षावेत असं म्हणेन. गेम कोणता आणि पडदा केवढा हे विचारल्याशिवाय असा आकडा काढताच येत नाही.

कारण पडदा बदलला की सगळं गणित फिरतं. १९२० गुणिले १०८० चा, म्हणजे १०८०पीचा, पडदा म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख, बरोब्बर चौपट. कार्डाचं काम साधारण पिक्सेलांबरोबर वाढतं. प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं, कारण गोळी कोणाला लागली हे ठरवायला पडद्यावर पिक्सेल किती याच्याशी देणंघेणं नसतं. समजा, एखाद्या गेममध्ये १०८०पीवर प्रोसेसरला ८ आणि कार्डाला १२ मिलिसेकंद लागतात. मिळतील ८३ फ्रेम, आणि अडलंय ते कार्डापाशी. तोच पीसी १४४०पीच्या मॉनिटरला जोडला, तर कार्डाला एकवीसेक मिलिसेकंद लागतील आणि फ्रेम सत्तेचाळीसवर येतील. उलट ७२०पीवर कार्ड पाच-साडेपाच मिलिसेकंदांत मोकळं होईल, पण फ्रेम १२५ च्या वर जाणार नाहीत, कारण आता प्रोसेसरचे ८ मिलिसेकंद आड आले. डीएलएसएस किंवा एफएसआर ही चित्र मोठं करणारी तंत्रं वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. १०८०पीवर त्यांचा 'क्वालिटी' मोड लावला की गेम आतून ७२०पीवरच रंगवला जातो आणि मग मोठा करून दाखवला जातो. कार्डाचं ओझं हलकं होतं, प्रोसेसरचं नाही.

म्हणून खरेदीची सुरुवात मॉनिटरपासून करावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपापल्या गावातल्या दुकानात कोटेशन काढताना मॉनिटर शेवटच्या ओळीत येतो, उरलेल्या पैशांत बसवलेला. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ खेळायचं असेल, तर १०८०पी आणि (सेकंदाला १४४ चित्रं म्हणजे) १४४ हर्ट्‌झ घ्या आणि प्रोसेसरवर हात सैल सोडा, कारण अशा गेमचं चित्र हलकं असतं आणि फ्रेम मात्र भराभरा लागतात. सायबरपंक २०७७ सारखे शहरभर दिवे आणि प्रतिबिंबं दाखवणारे गेम हवे असतील, तर ६० फ्रेम पुरतात आणि पैसा कार्डात जायला हवा. दोन्ही खेळणाऱ्याने कार्डाकडे झुकावं, असं माझं मत. कार्ड कमी पडलं तर निदान सेटिंग उतरवून भागवता येतं. प्रोसेसर कमी पडला की सेटिंगमधल्या बहुतेक बटणांचा काही उपयोग होत नाही.

आता प्रोसेसर. कोअर जितके जास्त तितकं बरं, हा समज १९६७ सालीच संगणक अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी गणित मांडून मोडीत काढला होता. समजा, गेमच्या कामातलं ६० टक्के काम वाटून करता येतं आणि ४० टक्के एकामागून एकच करावं लागतं. सहा कोअर लावले, तर ६० चे १० होतात, ४० तसेच राहतात, म्हणजे शंभराचे पन्नास. वेग दुप्पट. आणखी पैसे घालून बारा कोअर घेतले, तर ४५. म्हणजे सव्वादोन पटीपर्यंतसुद्धा पोचलो नाही. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच वापरात दिसला, तरी तो अडवत नाही असं समजू नये. बारा थ्रेडांपैकी एक पूर्ण भरला, तरी एकूण आकड्यात तो ८ टक्केच दिसतो, आणि बाकीचे त्याच्याचसाठी थांबलेले असू शकतात.

कोअरपेक्षा दुसरीच एक गोष्ट गेममध्ये जास्त बोलते: कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली छोटी, अतिशय जलद मेमरी. गेममध्ये हजारो वस्तूंची माहिती मेमरीत इकडे-तिकडे विखुरलेली असते. ती एल-३ कॅशमध्ये सापडली, तर साधारण दहा नॅनोसेकंदांत मिळते. रॅमपर्यंत जावं लागलं, तर सत्तर-ऐंशी. चार गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीनशे ठोके होऊन जातात. याचा पुरावा एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये बाजारातच मांडला. रायझन-७ ५८००एक्स-थ्रीडीचा वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी ठेवला होता, फक्त एल-३ कॅश ३२ वरून ९६ एमबी केली होती. बहुतेक गेममध्ये कमी वेगाचा हा प्रोसेसर पुढे गेला. स्वस्तातल्या जोडीतही हेच दिसतं. रायझन-५ ५५०० आणि ५६००, दोन्हींना सहा कोअर आणि बारा थ्रेड. पण पहिल्याला १६ एमबी एल-३, दुसऱ्याला ३२. शिवाय पीसीआय-एक्स्प्रेस, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा रस्ता, ५५०० ला तिसऱ्या पिढीचाच मिळतो, ५६०० ला चौथ्या.

पिढीचं महत्त्व कार्ड निवडताना कळतं. कार्डाची स्वतःची मेमरी भरली, की उरलेला डेटा मदरबोर्डवरून, साध्या रॅममधून आणावा लागतो, आणि तो रस्ता अरुंद आहे. चौथ्या पिढीच्या आठ लेनमधून (म्हणजे या रस्त्याच्या आठ पदरांतून) सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, तिसऱ्या पिढीच्या तेवढ्याच लेनमधून आठ. कुठे कार्डावरचे २२४ आणि कुठे हे. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी हे याचं बोलकं उदाहरण. मेमरी फक्त ४ जीबी, म्हणजे भरणार लवकर, आणि लेनही चारच. नव्या बोर्डावर ते कसंबसं निभावायचं. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर लावलं की रस्ता निम्मा होऊन गेम धक्के खायचा. आणि स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना बोर्ड असण्याची शक्यता जास्त! आज नवीन कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नये.

धक्के सरासरीत लपतात, हेही इथेच सांगून टाकतो. एका सेकंदात ८० फ्रेम दहा-दहा मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंद रेंगाळली, तर मीटर ८१ दाखवेल. तुम्ही मात्र नेमके त्या एका फ्रेममध्ये मेलेले असाल. परीक्षणं वाचताना सरासरीच्या शेजारी 'वन पर्सेंट लो' नावाचा, सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमांचा आकडा असतो, तो बघा.

रॅमबद्दल दुकानदार बहुधा '१६ ची एकच स्टिक घ्या, पुढे वाढवता येईल' असं सुचवतात. डीडीआर-४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते. आठ-आठच्या दोन स्टिक योग्य खाचांत बसवल्या, तर प्रोसेसर दोन्हींतून एकदम वाचतो आणि ५१.२ मिळतात. कार्ड न घेता ५६००जीसारख्या अंगच्याच ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर भागवणार असाल, तर हा फरक निर्णायक आहे, कारण तिथे दोघंही त्याच रॅमवर जगतात. 'आता जी घेतो, कार्ड पुढच्या वर्षी' हा बेत मला तितकासा पटत नाही. ५६००जीलाही १६ एमबीच एल-३ आहे आणि तिसरी पिढीच, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या कार्डाला तो अपुरा पडू लागेल. एसएसडी मात्र कोणतीही चालेल. साटा प्रकारची सेकंदाला ५५० एमबी देते, एनव्हीएमई प्रकारची तीन हजारांच्या पुढे, पण गेम उघडायला लागणाऱ्या वेळेत त्या प्रमाणात फरक पडत नाही. हार्ड डिस्कवर गेम टाकू नका, एवढं पुरे.

कोटेशनमध्ये सगळ्यात आधी कात्री लागते ती एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या यंत्राला. आरएक्स ६६०० पूर्ण भारावर १३२ वॉट खातं, ५६०० जास्तीत जास्त ८८, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ. एकूण २८० वॉट. म्हणजे ७५० वॉटची गरज नाही, पण खोक्यावर '५०० वॉट' लिहिलेलं निनावी यंत्रही नको. चांगल्या कंपनीचं ४५० किंवा ५०० वॉटचं घ्या. '८० प्लस ब्राँझ' ही खूण वीज किती वाया जाते तेवढंच सांगते, शॉर्टसर्किट झालं तर आतली सुरक्षा काम करेल का ते नाही. शिवाय ती चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते, आणि चंद्रपूरचा मे महिना कोणी प्रयोगशाळेत नेलेला नाही. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या तापमानापासून ठरावीक अंतरावर ठेवतो, थंड करत नाही. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर राहत असेल, तर ४२ च्या खोलीत तो ८२ वर जाईल. नव्वद-शंभरच्या आसपास तो स्वतःच वेग कमी करू लागतो. विदर्भ-खानदेशातल्या वाचकांनी रंगीबेरंगी दिव्यांच्या काचेच्या कॅबिनेटऐवजी पुढे जाळी असलेलं घ्यावं. लोडशेडिंगसाठी यूपीएस घेणार असाल, तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत. त्या वर्गातले पुष्कळ यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच असतात, आणि मॉनिटरही त्यातच धरायचा आहे.

मी इथे भाव दिलेले नाहीत, कारण ते टिकत नाहीत. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. क्रिप्टोच्या काळात कार्डांना सोन्याचा भाव आला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं, तसा वापरलेल्या कार्डांचा ढीग बाजारात आला. २०२५ च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅम भडकली. म्हणून 'कार्डावर चाळीस टक्के' असली टक्केवारी पाठ करून जाऊ नका. ज्या महिन्यात जाल, त्या महिन्यात कोणता भाग अवाच्या सवा महाग आहे ते बघून तो वापरलेला घेता येतो का ते पाहा. प्रोसेसर सहसा वापरलेला चालतो, एसएमपीएस कधीच नाही.

पीसी घरी आला की मॉनिटरची केबल कार्डाला लावा. मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तर अंगचे ग्राफिक्स नसलेल्या (५६०० किंवा नावाशेवटी एफ असलेल्या) प्रोसेसरवर पडदा काळाच राहील, आणि नावाशेवटी जी असलेल्या प्रोसेसरवर विकत घेतलेलं कार्ड न वापरताच गेम चालेल. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी हे रॅमला पूर्ण वेग देणारं बटण चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बरेचदा २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्‌झ निवडा, तिथे बरेचदा ६० च असतं. मग आफ्टरबर्नरसारखं फ्रेम मोजणारं सॉफ्टवेअर टाकून गेम सुरू करा आणि रिझोल्यूशन एक पायरी उतरवून बघा. फ्रेम वाढल्या, तर अडत होतं ते कार्डापाशी. हलल्याच नाहीत, तर प्रोसेसर किंवा रॅमपाशी.