पत्ता सांगतो, पण तीनच मिनिटांपुरता

'अनट्रेसेबल' हा २००८ सालचा थरारपट परवा पुन्हा पाहिला. त्यातला खुनी एकेकाला बांधून कॅमेऱ्यापुढे ठेवतो आणि ते सगळं एका साइटवर थेट दाखवतो. बघ्यांचा आकडा वाढेल तसा मृत्यू जवळ, अशी त्याची यंत्रणा. ही साइट बंद का होत नाही, तर तिचा पत्ता सतत बदलतो म्हणून, हे तपास अधिकारी झालेली डायन लेन एका दमात सांगते. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "काहीही फेकतात!" मला तर अख्ख्या सिनेमात तेवढंच पटलं होतं.

आपण ब्राउझरमध्ये नाव टाइप करतो, पण जोडणी होते ती आयपी पत्त्याच्या आकड्यांवर. नावावरून आकडा शोधून देते ती डीएनएस; पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. त्याआधी सगळ्या नावांची मिळून एकच फाइल असे आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. डीएनएस आकड्यासोबत एक मुदतही कळवते: हे उत्तर इतके सेकंद धरून चाला, मग पुन्हा विचारा. ही मुदत म्हणजे टीटीएल. साध्यासुध्या साइटची ती तासाची, कधी दिवसाचीही असते.

गुन्हेगार ती तीन मिनिटांवर आणतो. दहा वाजता विचारलं, उत्तर आलं १९२.०.२.१७. दहा वाजून तीन मिनिटांनी तेच नाव विचारलं, तर २०३.०.११३.४५. आणखी तीन मिनिटांनी १९८.५१.१००.९. (आकडे नमुन्याचे आहेत, कुणाला त्रास नको.) यातला एकही संगणक त्याचा नाही. कुणाच्या तरी घरातली, कित्येक महिने अपडेट न केलेली ही यंत्रं. मालकाला याचा पत्ताच नाही. ती फक्त निरोप्याचं काम करतात, खरा सर्व्हर त्यांच्या आडोशाला बसलेला. पहिलं यंत्र बंद करेपर्यंत नाव पाचव्यावर पोचलेलं असतं. याला म्हणतात फास्ट फ्लक्स. २००७ मध्ये धुमाकूळ घालणाऱ्या स्टॉर्म बॉटनेटने, म्हणजे अशाच चोरीच्या संगणकांच्या फौजेने, हीच युक्ती वापरली होती.

डबल फ्लक्स तर त्याहून नामी! पत्ता सांगतो नेमसर्व्हर. मग तोही अशाच चोरीच्या यंत्रांवर फिरता ठेवायचा. म्हणजे ए रेकॉर्ड (साइटच्या पत्त्याची नोंद) बदलतं, शिवाय एनएस रेकॉर्डमध्ये ज्याचं नाव असतं त्या नेमसर्व्हरचा पत्ताही बदलतो, आणि त्यासाठी वरच्या झोनमधलं (.com सारख्या वरच्या पातळीवरच्या यादीतलं) ग्लू रेकॉर्ड, म्हणजे नेमसर्व्हरच्या पत्त्याची नोंद, रजिस्ट्रारकरवी (साइटची नावं नोंदवणाऱ्या कंपनीकरवी) सतत बदलून घ्यावं लागतं. रजिस्ट्रार परदेशात आणि कानाडोळा करणारा असला, की झालंच.

सिनेमा चुकतो तो हिशेबात. अगदी सुमार व्हिडिओलाही सेकंदाला २५० किलोबिट धरू. दहा लाख बघे म्हणजे २५० गिगाबिट. त्या काळच्या घरगुती जोडणीतून सेकंदाला ५०० किलोबिट बाहेर जात असतील, तर एक यंत्र दोघांनाच दाखवणार. म्हणजे पाच लाख चोरीची यंत्रं हवीत. इतकी जमवायची तर त्यातली कित्येक बघ्यांचीच निघतील.

बाकी पडद्यावर जगाच्या नकाशावरून लाल रेघ उड्या मारत थेट गुन्हेगाराच्या खोलीवर थांबते, ती शुद्ध जादूटोणा. आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनी आणि फार तर शहर कळतं. घर कळायला त्या कंपनीच्या नोंदी मागवाव्या लागतात.

मग अशी साइट पाडतात कशी? ३० नोव्हेंबर २०१६ रोजी किमान तीस देशांनी मिळून 'अॅव्हलांच' हे डबल फ्लक्सवर चालणारं गुन्हेगारांचं जाळं तोडलं. पत्त्यांमागे धावायचं सोडून त्यांनी नावांवरच हात घातला. आठ लाखांहून जास्त डोमेन, म्हणजे साइटची नावं, जप्त केली, अडवली किंवा तपासयंत्रणांच्या सर्व्हरकडे वळवली. त्या दिवसापासून बाधित संगणक ठरल्या वेळी 'मालका'चा हुकूम विचारायला पोलिसांच्याच दारात येऊ लागले, १८० हून अधिक देशांतून.